घरांतील यंत्रें : दारावरील कॅमेऱ्याची जुळणी

दाराला भक्कम अडसर, ओटीवर एखादें वडीलधारें माणूस आणि रात्रीं जाग ठेवणारा शेजार, एवढ्या साधनांवर पूर्वीं घराची राखण होत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं ओटी नाहींशी झाली, शेजारचें दार दिवसभर बंद राहूं लागलें, आणि घरांतील कर्तीं माणसें सकाळीं बाहेर पडलीं म्हणजे दिवेलागणीलाच परततात. अशा स्थितींत इंटरनेटच्या जाळ्यास जोडलेला एखादा कॅमेरा दारावर बसविण्याची चाल पडली, यांत नवल नाहीं. कारागीर शिडी लावून तो बसवितो, घरांतील एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर चित्र दाखवितो, सर्व मंडळी चित्राच्या स्पष्टपणाची तारीफ करितात, आणि कारागीर आपले पैसे घेऊन जातो. त्यानंतर त्या कॅमेऱ्याच्या जुळणीकडे वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. आणि पाहण्याचा प्रसंग येतो तो बहुधा घरांतून कांहीं तरी गेल्यावरच येतो.

कॅमेरा कोणता घ्यावा, हा आजचा विषय नव्हे. घेतलेल्या कॅमेऱ्याच्या रचनेच्या पानावर, म्हणजे ज्यास ‘सेटिंग्ज’ म्हणतात त्या ठिकाणीं, चित्रप्रवाहासंबंधीं जे पांचसहा आंकडे भरावयाचे असतात, त्यांचा अर्थ काय व ते कसे ठरवावे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. कॅमेऱ्याच्या मोबाइलवरील ॲपमध्यें, किंवा घरच्या संगणकावर कॅमेऱ्याचा पत्ता उघडून ‘व्हिडिओ’ या सदराखालीं, हे आंकडे पाहावयास मिळतात. ते कारखान्यांतून येतांनाच भरलेले असतात. परंतु कारखानदारास आपलें घर ठाऊक नसतें. त्याच्या आंकड्यांनीं चित्र सुंदर दिसतें खरें; पण तें वेळेवर उपयोगीं पडेल कीं नाहीं, हें त्याला सांगतां येत नाहीं.

या कामीं एक जुनी हकीकत फार बोधप्रद आहे. १९९१ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत कित्येक संशोधक एकाच कॉफीच्या भांड्यावर अवलंबून असत. दूरच्या खोलींतून जिने चढउतार करून यावें, तों भांडें रिकामें! तेव्हां क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्झ्की यांनीं त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचें चित्र प्रयोगशाळेंतील संगणकांवर दिसेल अशी योजना केली. चित्र काळेंपांढरें, अवघें १२८ बिंदु रुंद व १२८ बिंदु उंच, आणि मिनिटांत सुमारें तीनदां बदलणारें. १९९३ पासून तें जगभर पाहतां येऊं लागलें, व २००१ सालीं तो कॅमेरा बंद करण्यांत आला. आजच्या दृष्टीनें तें चित्र हास्यास्पद वाटेल. परंतु त्यास विचारावयाचा प्रश्न एवढाच होता कीं, भांड्यांत कॉफी आहे कीं नाहीं? त्या प्रश्नाचें उत्तर तें चित्र चोख देत असे.

आपल्या घरच्या कॅमेऱ्यासही हाच न्याय लागू करावा. ‘दारांत आलेल्या माणसाचा चेहरा ओळखूं येईल काय?’ हा एक प्रश्न. ‘रात्रीं अंगणांत कोणी वावरलें काय?’ हा दुसरा. ‘दुपारीं घरीं एकट्या असलेल्या आजी अंगणांत पडल्या, तर बाहेर गेलेल्या मुलास कळेल काय?’ हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिहींसाठीं लागणारें चित्र एक नाहीं. प्रश्न न ठरवितां सगळेच आंकडे शिगेस नेऊन ठेवणें म्हणजे सर्वांत उत्तम जुळणी, असा जो समज आहे, तो कसा घातक ठरतो हें आतां हिशेबानेंच पाहूं.

पहिला आंकडा ‘बिट रेट’ हा होय. दर सेकंदास चित्राची किती माहिती कॅमेऱ्यानें पाठवावी, याचें हें माप. समजा, तो ४ मेगाबिट ठेवला. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून सेकंदास अर्धा मेगाबाइट झाला. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचें एका दिवसाचें चित्रण सुमारें ४३ गिगाबाइट जागा खातें. कॅमेऱ्यांत १२८ गिगाबाइटचें कार्ड असेल, तर त्यांत जेमतेम तीन दिवस मावतात. चवथ्या दिवशीं कॅमेरा सर्वांत जुनें चित्रण पुसून त्यावर नवें लिहूं लागतो. तो हें निमूटपणें करितो. त्याची सूचना बहुधा कोणास मिळत नाहीं.

आतां कल्पना करा कीं, कुटुंब गणपतीसाठीं कोंकणांत गेलें आणि दहा दिवसांनीं परतलें. कुलूप तुटलेलें, कपाट उघडें. चोरी दुसऱ्याच रात्रीं झाली असावी, असें शेजारी सांगतात. मंडळी मोठ्या आशेनें कॅमेऱ्याचें चित्रण उघडतात, तों त्यांत शेवटचे तीन दिवस मात्र आहेत. आणि त्या तीन दिवसांत बंद दारापुढून मांजर जातांना अत्यंत सुस्पष्ट दिसत आहे! येथें कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याला जें करावयास सांगितलें होतें तेंच त्यानें केलें. घर जास्तींत जास्त किती दिवस बंद राहतें, हा प्रश्न मात्र जुळणीच्या वेळीं कोणीं विचारला नव्हता.

म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, आंकडे ठरवितांना चित्राच्या बाजूनें न येतां दिवसांच्या बाजूनें यावें. वर्षांतून सर्वांत लांब किती दिवस घराला कुलूप असतें तें पाहावें, त्यांत दोन दिवस मिळवावे, आणि तितके दिवस कार्डांत मावतील असा बिट रेट काढावा. २ मेगाबिटला दिवसाचे सुमारें २२ गिगाबाइट होतात, व १ मेगाबिटला सुमारें ११. दहा दिवसांचें कुलूप पडत असेल तर बारा दिवसांची सोय हवी. म्हणजे १२८ गिगाबाइटच्या कार्डावर १ मेगाबिटहून थोडा कमीच परवडेल, आणि २५६ गिगाबाइटचें कार्ड घेतल्यास २ मेगाबिटच्या किंचित आंतपर्यंत जातां येईल. कार्डावर लिहिलेली सर्वच जागा वापरावयास मिळत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. चार कॅमेरे असून ते एका रेकॉर्डरला जोडलेले असतील, तर ४ मेगाबिटप्रमाणें दिवसाचे १७३ गिगाबाइट होतील, व १,००० गिगाबाइटची डिस्क सहा दिवसही पुरणार नाहीं. दृश्यांत हालचाल होईल तेव्हांच चित्रण करण्याचीही सोय असते, व तीमुळें दिवस पुष्कळ वाढतात; परंतु समोर झाड अथवा वाहता रस्ता असल्यास हालचाल जवळजवळ अखंड चालते, आणि तो लाभ नाहींसा होतो.

दुसरा आंकडा ‘रेझोल्यूशन’चा. चित्र किती बिंदूंचें बनावें, हें त्यावरून ठरतें. १९२० × १०८० म्हणजे सुमारें २१ लाख बिंदु, २५६० × १४४० म्हणजे सुमारें ३७ लाख, आणि ३८४० × २१६० म्हणजे सुमारें ८३ लाख. परंतु बिंदु वाढविले आणि बिट रेट तोच ठेवला, तर तीच माहिती अधिक बिंदूंत वाटली जाते. मूठभर पिठांत दहा जणांच्या भाकऱ्या केल्यावर जें होतें तेंच येथें होतें. स्थिर भिंत छान दिसते, पण माणूस हलला कीं चित्राचे चौकोनी तुकडे पडूं लागतात.

चेहरा ओळखूं येण्यास किती बिंदु लागतात, याचेंही माप आहे. पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांविषयीं जें आंतरराष्ट्रीय मानक २०१४ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत अनोळखी माणसाची खात्रीनें ओळख पटविण्यास दृश्याच्या दर मीटर रुंदीमागें २५० बिंदु, परिचित माणूस ओळखण्यास १२५, आणि नुसतें कोणी आहे एवढें कळण्यास २५, असे टप्पे घातले होते. आतां ज्या कॅमेऱ्याची नजर आडवी काटकोनाएवढी पसरते, त्यास १३ फुटांवर सुमारें ८ मीटर रुंदीचें दृश्य दिसतें. १९२० बिंदु ८ मीटरांत वांटले तर मीटरला २४० येतात. म्हणजे ओळख पटण्याची हद्द साधारण तेथेंच संपली. २५ फुटांवर तेच बिंदु निम्मे होतात. ज्यांचें फाटक दारापासून चाळीस फूट दूर आहे, त्यांनीं छपराखालच्या कॅमेऱ्याचे आंकडे कितीही वाढविले तरी फाटकावरील माणसाचा चेहरा खात्रीनें हातीं लागेलच असें नाहीं. त्यांनीं कॅमेरा फाटकाजवळ आणावा, किंवा अरुंद नजरेची भिंग असलेला घ्यावा. फार उंचावर बसविलेल्या कॅमेऱ्यास टोप्या व केंस उत्तम दिसतात, चेहरे दिसत नाहींत, हेंही सांगून ठेवितों.

तिसरा आंकडा ‘फ्रेम रेट’, म्हणजे सेकंदास किती चित्रें घ्यावीं हा. सिनेमांत सेकंदास २४ चित्रें असतात, म्हणून घरच्या कॅमेऱ्यांतही तितकीं हवींतच, असें अनेकांस वाटतें. पण आपणांस दारांत नाटक पाहावयाचें नसून आलेला माणूस पाहावयाचा असतो. सामान्य चालीनें माणूस सेकंदास सुमारें १·४ मीटर चालतो. चार मीटर रुंदीचें दृश्य ओलांडण्यास त्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. सेकंदास १० चित्रें घेतलीं तरी त्याचीं पंचवीसतीस चित्रें मिळतात, व त्यांतील दोनचार तरी समोरून आलेलीं असतात. घराच्या दारासाठीं १० ते १५ चित्रें पुरेशीं होत. रस्त्यावरून वेगानें जाणाऱ्या वाहनाची गोष्ट निराळी. ताशीं ३६ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत १० मीटर जाते, तेव्हां तेथें अधिक चित्रें लागतात.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. रात्रींचें चित्र फरपटलेलें आलें कीं लोक फ्रेम रेट वाढवितात. पण दोष तेथें नसतो. तो असतो ‘शटर’मध्यें, म्हणजे एकेक चित्र घेतांना डोळा किती वेळ उघडा राहतो यांत. अंधारांत कॅमेरा आपण होऊन तो वेळ वाढवितो. एका सेकंदाचा पंचविसावा भाग डोळा उघडा राहिला, तर तेवढ्यांत चालणारा माणूस साडेपांच सेंटिमीटर पुढें सरकतो, आणि त्याचें नाक गालावर पसरतें. शटर शंभरांशावर आणिलें तर हें सरकणें दीड सेंटिमीटरच्या आंत येतें, पण चित्र काळोखें होतें. यावर खरा उपाय म्हणजे दारावर एक साधा दिवा! तो लावल्यानें जो लाभ होतो, तो कोणत्याही आंकड्यानें होत नाहीं.

चवथी बाब चित्र आंखडून ठेवण्याच्या पद्धतीची. २००३ सालीं प्रसिद्ध झालेली एच. २६४ आणि २०१३ सालची एच. २६५ या दोन पद्धती हल्लींच्या कॅमेऱ्यांत आढळतात. दोहोंचें तत्त्व आपल्या रोजकीर्दीसारखें आहे. दुकानदार दर नोंदीस सगळ्या मालाची मोजदाद करीत नाहीं. आरंभींची शिल्लक एकदां मांडतो व पुढें फक्त आवक-जावक लिहितो. कॅमेराही एक पूर्ण चित्र घेतो, व पुढील चित्रांत केवळ काय बदललें तें नोंदवितो. पूर्ण चित्र किती चित्रांनंतर घ्यावें, त्या अंतरास ‘आय-फ्रेम इंटरव्हल’ म्हणतात. सेकंदास २५ चित्रें व अंतर ५० असेल तर दर दोन सेकंदांनीं शिल्लक मांडली जाते. पुढें कोणीं फ्रेम रेट १२ केला आणि अंतर ५० च ठेवलें, तर तीच शिल्लक चार सेकंदांवर जाते. मध्येंच एखादी नोंद गहाळ झाली तर तेवढा वेळ चित्र विस्कटलेलें राहतें. म्हणून फ्रेम रेट बदलला कीं हें अंतरही त्याच्या दुपटीस आणून ठेवावें. एच. २६५ मध्यें तेंच चित्र पुष्कळ कमी जागेंत, अनुकूल प्रसंगीं निम्म्याच जागेंत मावतें. तेव्हां घरचा रेकॉर्डर व मोबाइल तें दाखवूं शकत असतील तर तीच पद्धति निवडावी. फार जुन्या यंत्रांवर मात्र तें चित्र उघडत नाहीं.

बिट रेट ‘स्थिर’ ठेवावा कीं ‘बदलता’, असाही एक प्रश्न त्याच पानावर विचारलेला असतो. स्थिर म्हणजे गरज असो वा नसो, दर सेकंदास ठरलेली नेमणूक. बदलता म्हणजे लागेल तसा खर्च, पण ठरलेल्या मर्यादेच्या आंत. शांत दारासाठीं बदलता चांगला. मात्र दिवसांचा हिशेब त्या वरच्या मर्यादेवरूनच करावा. कारण पावसाळ्यांत धारा पडत असतां, झाडें हलत असतां, किंवा रात्रीं अंधारामुळें चित्रांत रवाळपणा आला असतां कॅमेऱ्यास सगळेंच बदलतेंसें वाटतें व तो पुरी मर्यादा खर्च करितो. भिंगापुढें कोळ्यानें जाळें विणलें तरी तोच प्रकार. महिन्यांतून एकदां मऊ फडक्यानें भिंग पुसणें हाही जुळणीचाच भाग समजावा.

बहुतेक कॅमेरे एकाच वेळीं दोन प्रवाह देतात : ‘मेन स्ट्रीम’ व ‘सब स्ट्रीम’. पहिला साठवणीसाठीं, दुसरा पाहण्यासाठीं. मुलगा परगांवीं बसून घरचें दार पाहतो तेव्हां तें चित्र घरच्या इंटरनेटमधून बाहेर जात असतें. त्यास मुख्य प्रवाह दिला तर चित्र अडखळतें, आणि घरांतील नातवंडांच्या अभ्यासाचा वर्गही अडखळतो. म्हणून दुसरा प्रवाह ६४० × ३६० बिंदु, सेकंदास १० चित्रें व सुमारें अर्धा मेगाबिट इतका हलका ठेवावा. आजी अंगणांत आहेत कीं नाहींत हें पाहण्यास तेवढा पुरतो. तो हलका केल्यानें मुख्य साठवणीचें कांहींच बिघडत नाहीं.

आंकड्यांबरोबरच दोन गोष्टी त्याच दिवशीं उरकाव्या. पहिली घड्याळाची. कॅमेऱ्याचें घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल व भारतीय वेळ दाखवील अशी योजना करावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलांत आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणें यंत्रांतील नोंद पुराव्यांत आणतांना तीसोबत ठराविक नमुन्याचें प्रमाणपत्र द्यावें लागतें. ज्या चित्रावरील वेळच दोन तासांनीं चुकलेली आहे, त्यावर निष्कारण वाद माजतो. दुसरी गोष्ट पासवर्डची. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें, मूळचे पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर आपल्या कह्यांत घेतले, आणि त्यांच्याकरवीं मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. राखणीस ठेवलेला पहारेकरी दुसऱ्याच्या नोकरीस लागावा, तसाच हा प्रकार! कारागीरानें घातलेला पासवर्ड त्याच्या देखतच बदलावा.

आतां या विषयाची जी बाजू जुळणीच्या पानावर लिहिलेली नसते, तिकडे वळतों. एकत्र कुटुंबांत दारावरून जाणारें येणारें माणूस शेंकडा नव्व्याण्णव वेळां घरचेंच असतें. सून कचेरींतून किती वाजतां परतली, मुलगी कोणाबरोबर फाटकापर्यंत आली, कामाला येणाऱ्या बाई कितीशा उशिरां आल्या, वडील औषध आणावयास म्हणून गेले ते कोणत्या बाजूस वळले, हें सर्व त्या कार्डांत लिहिलें जातें. चोर वर्षानुवर्षें येत नाहीं. पण घरचीं माणसें रोज त्या डोळ्यापुढून जातात. चित्रण काढून ‘काल सव्वानऊला आलीस, आठाला नव्हे’ असें एकदां जरी कोणीं म्हटलें, तरी त्या दिवसापासून तो कॅमेरा चोरावर नजर ठेवीत नाहीं, सुनेवर ठेवूं लागतो. आणि ज्या घरांत पहारा आंतल्या माणसांवर बसला, तें घर बाहेरून कितीही सुरक्षित दिसो, आंतून तें दुभंगलेलेंच.

सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. आपल्याच घरांतील माणसांचा हा मान राखण्यास मात्र न्यायालयाची वाट पाहावयास नको. त्याचीं साधनें त्याच जुळणीच्या पानावर आहेत. आवाज टिपण्याची सोय बंद करावी. दारांत काय बोलणें झालें याची चोराच्या शोधास फारशी गरज नसते. समोरच्या घराची खिडकी अथवा गच्ची दृश्यांत येत असेल तर तेवढा भाग झांकून टाकण्याची ‘मास्क’ची सोय वापरावी. साठवणीच्या दिवसांस जशी खालची मर्यादा सांगितली, तशी वरचीही घालावी; बारा दिवसांचें काम असतां साठ दिवसांचें चित्रण बाळगण्यांत राखण वाढत नाहीं, केवळ उकरून काढण्याजोगें वाढतें. चित्रण कोणीं व कोणत्या कारणासाठीं उघडावें, हें सर्वांच्या समक्ष ठरावें, व त्या सर्वांत घरांतील स्त्रियाही असाव्या. पासवर्ड दोघांपाशीं असावा, पैकीं एक स्त्री असावी. कामाच्या बाईंसही कॅमेरा कोठें व कशासाठीं आहे हें सांगावें. ज्या कॅमेऱ्याविषयीं घरांत मोकळेपणानें बोलतां येतें, तो कोणास जाचत नाहीं.

सर्व जुळणी झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. रात्रीं दहाच्या सुमारास घरांतील एकानें छत्री घेऊन फाटकापासून दारापर्यंत नेहमीच्या चालीनें यावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, त्या वेळचें थेट चित्र न पाहतां, साठविलेलें चित्रण उघडावें. कारण प्रसंगीं हातीं येणार आहे तें साठविलेलेंच. चेहरा ओळखूं येतो काय, वेळ बरोबर आहे काय, आणि सर्वांत जुना दिवस कोणता शिल्लक आहे, या तीन गोष्टी पाहाव्या. तिसरी गोष्ट दर महिन्यास पुन्हां पाहावी.

ठरलेले आंकडे, ते ज्या प्रश्नासाठीं ठरविले तो प्रश्न, आणि चित्रण उघडण्याचा नियम, अशा तीन ओळी एका कागदावर लिहून तो वीजबिलांच्या फायलींत ठेवावा. कॅमेरा बसविणारा तरुण उद्यां नोकरीनिमित्त परगांवीं गेला, तरी मागें राहिलेल्या मंडळींस त्या कागदावरून आपल्या घराचा पहारा चालवितां येईल.